साहेबांच्या घरी पूजा आहे, मग आपण काय विचारायचं?

मुख्यमंत्र्यांनी सरकारी बंगल्यावर राहायला कधी जायचं, हा खरं तर राज्यापुढचा प्रश्न नाही. तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात यावर जोरदार चर्चा रंगली. देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी ५ डिसेंबर २०२४ ला झाला होता, पण ते 'वर्षा'वर मुक्कामाला गेले नव्हते. मग संजय राऊत यांनी विचारलं, का जात नाहीत? बंगल्याच्या आवारात कामाख्येहून आणलेली रेड्याची शिंगं पुरल्याची चर्चा आहे म्हणे! फडणवीसांचं उत्तर अगदी घरगुती होतं: थोडं दुरुस्तीचं काम चालू आहे आणि मुलीची दहावीची परीक्षा आहे, ती झाली की जाऊ. पुढे ३० एप्रिलला अक्षय्य तृतीयेला पूजा झाली आणि कुटुंब 'वर्षा'वर राहायला गेलं.

मीम्स झाले, रील्स झाल्या, विषय संपला. पण त्यातला एक प्रश्न तसाच राहिला. नेत्याच्या घरी पूजा होते, बाबा येतात, फादर येतात, मौलाना दुआ करतात. यात आपण, म्हणजे पहिल्या-दुसऱ्यांदा मतदान करणाऱ्या पोरापोरींनी, नेमकं काय बघायचं? 'त्याची श्रद्धा, त्याचा प्रश्न' म्हणून सोडून द्यायचं, की 'बघा हे कसले अंधश्रद्धाळू' म्हणून स्टेटस टाकायचं?

नांदेड-लातूरच्या पोरांनी तर याचा विचार करायलाच हवा. कारण या गोष्टीचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच नेत्यांच्या नावावर आहे.

नवं घर, प्रत्येकाचा आपला आशीर्वाद

आधी एक साधी गोष्ट. नवं घर झालं की कुणाला तरी बोलावून चार शब्द चांगले म्हणून घ्यावेत, ही इच्छा कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही. नांदेडच्या एकाच कॉलनीत फिरून बघा. एका घरी वास्तुशांत आणि सत्यनारायण असतो. शेजारच्या लिंगायत घरी जंगम स्वामींना बोलावून पाद्यपूजा होते. पुढच्या गल्लीत कुराणखानी, त्यापुढे बौद्धाचार्य किंवा भंतेजींना बोलावून वंदना आणि परित्राण पाठ. शीख कुटुंबात सुखमनी साहिबचा पाठ आणि अरदास. आणि कॅथलिक घरात 'घराचा आशीर्वाद'.

हा शेवटचा प्रकार आपल्याकडे कमी जणांनी पाहिलेला असतो. मराठवाड्यात कॅथलिक लोकसंख्या थोडी आहे. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे औरंगाबादच्या धर्मप्रांतात येतात. तो १९७७ मध्ये स्थापन झाला. मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची मोठी वस्ती वसईला. तिथे नव्या घरात राहायला जाताना धर्मगुरूंना, म्हणजे फादरना बोलावतात. कुटुंब एकत्र जमतं, बायबलमधला एक उतारा वाचला जातो, प्रार्थना होते आणि फादर खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडतात. मग चहापाणी आणि शेजाऱ्यांची गर्दी. युरोपात काही ठिकाणी ६ जानेवारीच्या सणाला दाराच्या चौकटीवर खडूनं वर्षाचा आकडा आणि तीन अक्षरं लिहितात, वर्षभर घरावर आशीर्वाद राहावा म्हणून. आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाशी किंवा तोरणाशी याचं नातं कुणीही ओळखेल.

म्हणजे घराला आशीर्वाद मागणं ही माणसाची साधी गरज आहे. घर बांधायला आयुष्याची कमाई लागते, कर्ज लागतं. ते नीट राहावं असं वाटणं साहजिक आहे. नेताही माणूसच. त्यानं स्वतःच्या घरी काय करावं, हे आपण सांगायचं कारण नाही.

आपला कायदासुद्धा हेच म्हणतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. 'आता घरी पूजासुद्धा करता येणार नाही,' असा प्रचार तेव्हा खूप झाला. प्रत्यक्ष कायद्यात उलटच लिहिलंय. ज्यातून कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही, असे घरातले, मंदिरातले, दर्ग्यातले, गुरुद्वारातले, चर्चमधले धार्मिक विधी त्यातून स्पष्टपणे वगळलेत. वास्तुशांत करणाऱ्याला किंवा घराचा आशीर्वाद मागणाऱ्याला हा कायदा हातही लावत नाही.

मग अडचण कुठे येते? घर कुणाचं आहे, इथे.

२००९ : 'वर्षा'वर सत्यसाईबाबा

अशोक चव्हाण पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ च्या हल्ल्यानंतर विलासराव देशमुखांनी राजीनामा दिल्यावर. म्हणजे लातूरच्या नेत्याकडून खुर्ची नांदेडच्या नेत्याकडे आली. २००९ ची विधानसभा निवडणूक झाली, पुन्हा सत्ता मिळाली आणि त्याच सुमारास चव्हाणांनी सत्यसाईबाबांना 'वर्षा'वर बोलावलं. पूजा झाली, घराला आशीर्वाद मिळाला. आणि टीकेचं मोहोळ उठलं.

चव्हाण घराण्याची सत्यसाईबाबांवरची श्रद्धा कुणापासून लपलेली नव्हती. शंकरराव चव्हाणही भक्त होते. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकरही भक्त. म्हणजे देशाचे दोन गृहमंत्री आपल्या या दोन जिल्ह्यांतले, आणि दोघंही पुट्टपर्तीला जाणारे. ही भक्ती मतदारांना माहीत होती आणि तिची फारशी कुणी तक्रार केली नाही. चाकूरकर १९८० पासून लातूरमधून सलग सात वेळा लोकसभेवर गेले. २००४ मध्ये पडले ते रूपाताई पाटील निलंगेकरांकडून, आणि त्यात बाबांचा काही संबंध नव्हता.

मग २००९ मध्येच एवढा गोंधळ का? कारण 'वर्षा' हे चव्हाणांचं घर नव्हतं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले तेव्हापासून हा बंगला मुख्यमंत्र्यांचं अधिकृत निवासस्थान आहे. त्याचं वीजबिल, सुरक्षा, माळी, आचारी, सगळा खर्च जनतेचा. शिवाय तो काळ बघा. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ मध्ये विधानसभेत मंजूर होऊन विधान परिषदेत अडकलं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं सरकारचे उंबरठे झिजवत होते. अशा वेळी सरकारचा प्रमुखच, हवेतून विभूती काढतात अशी ज्यांची ख्याती, त्यांची सरकारी बंगल्यावर पूजा करतो. यातून काय संदेश जातो, असा तो सवाल होता. तो चव्हाणांच्या भक्तीला नव्हता, मुख्यमंत्र्यांच्या पदाला होता.

याच्या दोनच वर्षं आधीची, जानेवारी २००७ ची गोष्ट शेजारी ठेवून बघा. तेच सत्यसाईबाबा चेन्नईत तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांच्या घरी गेले होते. करुणानिधी आयुष्यभर जाहीर नास्तिक. पण बाबांच्या ट्रस्टनं चेन्नईला पाणी आणणाऱ्या कालव्याच्या कामाला पैसा दिला होता, आणि एका मुख्यमंत्र्यानं त्याचे आभार मानले. बाबा आले ते करुणानिधींच्या गोपाळपुरममधल्या स्वतःच्या घरी. टीका त्यांच्यावरही झाली, पण ती 'नास्तिक असून असं कसं?' अशी होती. सरकारी बंगल्याचा प्रश्न तिथे नव्हता, आणि बोलणं चाललं होतं ते पाण्याबद्दल.

आणि हो, आशीर्वादानं खुर्ची टिकते का? 'आदर्श' प्रकरणात चव्हाणांना नोव्हेंबर २०१० मध्ये राजीनामा द्यावा लागला. २०१४ च्या मोदी लाटेत काँग्रेसच्या महाराष्ट्रात फक्त दोन जागा आल्या, त्यातली एक नांदेडची, अशोक चव्हाणांची. २०१९ ला त्याच नांदेडनं त्यांना पाडलं. नांदेडकरांनी निवडून दिलं तेव्हाही ते बाबांचे भक्त होते, पाडलं तेव्हाही होते. मतदार एवढा भोळा नाही.

माथा टेकणं सोपं असतं

नांदेडला कुठल्याही पक्षाचा मोठा नेता आला की एक फोटो ठरलेला. डोक्यावर रुमाल, गळ्यात सिरोपा, पाठीमागे सचखंड गुरुद्वारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत जोडो यात्रा देगलूरमार्गे राज्यात आली, तेव्हा राहुल गांधी गुरुद्वारात गेले. ५ फेब्रुवारी २०२३ ला के. चंद्रशेखर राव यांनी तेलंगणाबाहेरची आपली पहिली मोठी सभा नांदेडला घेतली, तेव्हा तेही गेले. यात वाईट काही नाही. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी आदरानं जाणं ही चांगलीच गोष्ट आहे.

पण फोटो झाल्यावर काय होतं? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नांदेड गुरुद्वारा बोर्डाच्या कायद्यात बदल करायला मंजुरी दिली. जुना कायदा १९५६ चा. नव्या रचनेत १७ पैकी १२ सदस्य सरकार नेमणार होतं आणि निवडून येणारे फक्त तीन. शीख समाज रस्त्यावर उतरला, विरोध पार पंजाबपर्यंत पोचला आणि सरकारला तो बदल थांबवावा लागला. माथा टेकायला सगळेच जातात, पण त्या समाजाचं संस्थेवरचं म्हणणं ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे. नेत्याच्या श्रद्धेची खरी परीक्षा दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानाशी त्याचं सरकार कसं वागतं यात होते.

याचं चांगलं उदाहरणही नांदेडचंच आहे. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यानिमित्तानं केंद्र आणि राज्याचा मोठा निधी शहराला मिळाला. रस्ते, विमानतळ, गोदावरीचे घाट झाले. निमित्त धार्मिक होतं, पैसा सरकारी होता, पण रस्त्यावरून सगळेच चालतात. रिक्षावाल्याला कुणी धर्म विचारत नाही. सरकारचा पैसा धर्माच्या निमित्तानं खर्च झाला की लगेच वाईट, असंही सरसकट म्हणता येत नाही ते यामुळेच.

चंद्रशेखर रावांचीच पुढची गोष्ट मजेशीर आहे. वास्तुशास्त्रावर त्यांचा गाढ विश्वास. हैदराबादला मुख्यमंत्र्यांसाठी 'प्रगती भवन' बांधलं, २०१६ मध्ये विधिवत गृहप्रवेश केला. २०१५ मध्ये मोठा चंडी याग केला होता. सचिवालयाची इमारतसुद्धा नवी बांधली. पण विरोधकांनी प्रचारात उचलून धरला तो मुद्दा वेगळाच होता: प्रगती भवनाच्या फाटकातून सामान्य माणसाला आत जाता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता गेली. नव्या सरकारनं बाहेरची बॅरिकेड्स काढली, तिथे लोकांच्या तक्रारी ऐकायला सुरुवात केली आणि वास्तूचं नाव बदललं. नवं नाव काय, तर महात्मा ज्योतिबा फुले प्रजा भवन! वास्तुदोष दिशेत होता की बंद फाटकात, हे तुम्हीच ठरवा.

काहींच्या श्रद्धेलाच 'सर्टिफिकेट' का लागतं?

आता जरा अवघड भाग. नेत्याच्या घरी सत्यनारायण झाला तर ती बातमी होत नाही, संस्कृती होते. फादरनं येऊन पाणी शिंपडलं किंवा मौलानांनी दुआ केली की मात्र लगेच चर्चा सुरू होते. श्रद्धा तीच, पण नजर वेगळी.

जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारीच, उस्मानाबादला (आताचं धाराशिव) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, हरित वसईच्या चळवळीतले कार्यकर्ते. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. तरी निवड जाहीर झाल्यावर काही जणांनी विरोध केला, साहित्य महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमक्यांचे फोन आले. कारण काय, तर ते ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांनी मराठीत काय लिहिलं, हे विचारायच्या आधी त्यांचा झगा बघितला गेला. संमेलन मात्र झालं, आणि मराठवाड्यानं त्यांचं स्वागत केलं.

फादर दिब्रिटो राजकारणी नव्हते. राजकारणात हा ताण आणखी वाढतो. अब्दुल रहमान अंतुले हे महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या काळात, १९८१ मध्ये, कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. शिवरायांची भवानी तलवार लंडनहून आणण्याची घोषणाही त्यांचीच. यातलं प्रेम किती आणि 'मीही तुमच्यातलाच' हे दाखवण्याची गरज किती, कुणास ठाऊक. पण ही गरज बहुसंख्याक समाजातल्या नेत्याला कधी वाटत नाही, एवढं खरं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. १९६० मध्ये जॉन केनेडी अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या कॅथलिक असण्यावरून रान उठलं होतं. हा माणूस देशाचं ऐकेल की पोपचं? केनेडींनी ह्यूस्टनला प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोरच जाऊन सांगितलं की, मी निर्णय देशाच्या हितानुसार घेईन, आणि पद व माझा विवेक यांच्यात टक्कर झालीच तर पद सोडेन. लोकांनी त्यांना निवडून दिलं. साठ वर्षांनी दुसरे कॅथलिक अध्यक्ष आले, जो बायडन. आता प्रश्न उलटा झाला. गर्भपाताबद्दलच्या त्यांच्या भूमिकेवरून खुद्द काही बिशपच विचारू लागले की, यांना चर्चमध्ये पवित्र प्रसाद द्यावा की नाही. एकाला 'तू जास्तच कॅथलिक नाहीस ना?' असं बाहेरच्यांनी विचारलं, दुसऱ्याला 'तू पुरेसा कॅथलिक आहेस का?' असं घरच्यांनी. नेत्याची श्रद्धा मोजायला बसलं की हे असं होतं. माप कुणाकडेच नसतं.

आपल्याच विद्यापीठाच्या नावात उत्तर आहे

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या कॉलेजांत शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मार्कशीटवर एका संन्याशाचं नाव आहे. स्वामी रामानंद तीर्थ. मूळचे व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, १९३२ मध्ये संन्यास घेतला. भगवी वस्त्रं आयुष्यभर अंगावर. आणि हाच माणूस निजामाच्या राजवटीविरुद्ध स्टेट काँग्रेसचं नेतृत्व करत होता, तुरुंगात जात होता. पुढे लोकसभेतही निवडून गेला.

म्हणजे भगव्या वेशातला राजकारणी मराठवाड्याला नवा नाही. पण स्वामीजींचा लढा मुसलमानांविरुद्ध नव्हता, एका जुलमी राजवटीविरुद्ध होता. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, सगळ्यांसाठी. त्यांची श्रद्धा त्यांच्या अंगावर दिसत होती, पण ती त्यांनी कुणाच्या अंगावर घातली नाही. म्हणूनच 'संन्यासी राजकारणात कशाला?' असं विचारायची वेळ कुणावर आली नाही.

तसंच शंकररावांचं. नांदेडला त्यांचं नाव निघालं की आधी विष्णुपुरीचं पाणी आठवतं, जायकवाडी आठवतं. पुट्टपर्ती नंतर, आठवलीच तर.

मग विचारायचं काय?

'नेता धार्मिक आहे का?' हा प्रश्न सोडून देऊ. संविधानानं तो आधीच सोडवलाय. शपथ घेताना 'ईश्वरसाक्ष' म्हणा किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करा, दोन्हींची किंमत एकच. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारता येतील.

पहिला, घर कुणाचं आणि पैसा कुणाचा? स्वतःच्या वाड्यात याग करा, फादर बोलवा, मिलाद करा. सरकारी बंगला, सरकारी ऑफिस, अनुदानित कॉलेज इथे मात्र ती जागा सगळ्यांची असते. २०१८ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सत्यनारायणाच्या पूजेवरून विद्यार्थ्यांनी हाच मुद्दा मांडला होता. कॉलेजचं म्हणणं होतं, ही जुनी परंपरा आहे. वाद आपल्याही कॅम्पसवर कधीही येऊ शकतो. तेव्हा 'पूजेत वाईट काय?' एवढ्यावर थांबू नका. 'ज्याची ही पूजा नाही, त्याला इथे परकं वाटतंय का?' हेही विचारा.

दुसरा, हाच नियम सगळ्यांना आहे का? एका धर्माचा विधी चालतो आणि दुसऱ्याचा दिसला की पोटात दुखतं, असं असेल तर तो धर्मनिरपेक्षतेचा मुद्दा राहत नाही, तो नुसता दुजाभाव आहे. हे नेत्यांना जेवढं लागू, तेवढंच आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही.

तिसरा, श्रद्धा कामाच्या जागी पुढे केली जातेय का? लातूरकरांनी २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय. सोयाबीनचा भाव, क्लासच्या फिया, वसतिगृहं, नळाला किती दिवसांनी पाणी येतं, यावर प्रश्न विचारल्यावर उत्तर म्हणून कुठल्या तरी देवळाचा, दर्ग्याचा, गुरुद्वाराचा फोटो येत असेल, तर समजून जा. मतं मागताना तर कायदाही आडवा येतो. धर्माच्या नावावर मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्टाचार आहे, आणि सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं जानेवारी २०१७ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी त्याची व्याप्ती वाढवली. उमेदवाराचा धर्मच नाही, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही त्यात आलं.

पुढच्या वेळी एखाद्या साहेबांच्या बंगल्यावरच्या पूजेचा फोटो फीडमध्ये आला, तर हसायची किंवा हात जोडायची घाई नको. पूजा कुणाची, हे त्यांचं त्यांना माहीत. बंगला आपल्या पैशाचा असेल, तर त्याचं दार आपल्यासाठी कितपत उघडं आहे, एवढं मात्र नक्की विचारायचं.